परस्पर नकार

१

ऑगस्टच्या एक तारखेला असुन्सिऑनमधला शहाणा माणूस उपाशीपोटी तीन घोट कारुलिम घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. उसाची दारू, सताप आणि लिंबू. हा महिना म्हाताऱ्याकोताऱ्यांना सोबत घेऊन जातो म्हणतात, त्यावरचा हा उतारा. फेलिसा ओर्तिगोसानं आपले तीन घोट घेतले, तोंड वाकडं केलं, आणि वयाच्या मानानं चौथाही घ्यावा की काय असा विचार करत असतानाच दारावर थापा पडल्या.

दारात इदालिना रोतेला उभी होती. ताकुआरा अभ्यासकेंद्रातली समाजशास्त्राची संशोधक, वय चौतीस. एरवी बोलायला लागली की थांबत नसे. आज तिनं नुसते दोन कागद छातीशी धरले होते.

"आत ये आधी. बस. घोट घे."

"दोन्या फेलिसा, मला वेड लागलंय का, तेवढं सांगा." तिनं कागद पुढे केले. वयानं मोठ्या बाईला तिथं मानानं 'दोन्या' म्हणतात.

पहिला कागद युरोपातल्या अभ्यासनिधीचा होता. याच निधीकडे इदालिनानं कार्यशाळेसाठी अर्ज केला होता. पाराग्वे, हैती आणि पेरू अशा तीन देशांत खेड्यातल्या गरिबांच्या मुली शहरातल्या घरांत नेऊन ठेवतात. 'शिकवू, सांभाळू' म्हणून नेतात आणि धुण्याभांड्याला जुंपतात. त्या तिन्ही देशांतले अभ्यासक आणि स्वतः त्या बायका ऑक्टोबरमध्ये तीन दिवस एकत्र बसणार होत्या. त्यातून निघालेलं टिपण थेट सेनेटच्या समितीपुढे जाणार होतं, कारण ही प्रथा बंद करणारा कायदा तिथं वर्षभर धूळ खात पडला होता. दोन वर्षं इदालिना या एकाच गोष्टीमागे धावत होती. जुलै संपत आला तरी निकाल येईना, म्हणून तिनं निधीला विचारणा केली. त्याचं हे उत्तर.

फेलिसानं वाचलं. 'आपला अर्ज आम्ही मंजूर केला होता. परंतु तीन जुलैच्या पत्रानं आपण निधी नाकारलात, याचं आम्हाला वाईट वाटलं. ती रक्कम आता दुसऱ्या प्रकल्पाला दिली आहे.'

"तू नको म्हणालीस?"

"मला मिळालाय हेच या उत्तरावरून कळलं!"

फेलिसानं दुसरा कागद उचलला. ते नकाराचं पत्र होतं. वर केंद्राचं नाव, खाली केंद्राचा गोल शिक्का.

"आणि ही सही?"

"तीच तर गंमत आहे," इदालिना म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "सही माझीच आहे."

२

फेलिसानं एकतीस वर्षं न्यायालयात साक्षी उतरवून घेण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर ती ताकुआरासाठी मुलाखतींच्या ध्वनिफिती ऐकून कागदावर उतरवायची. ग्वारानी असो की स्पॅनिश, माणूस कुठं अडखळला आणि कुठं नको तेवढं गुळगुळीत बोलला, हे तिच्या कानातून सुटत नसे.

तिनं ते पत्र मोठ्यानं वाचलं.

'स्थानिक परिस्थिती पाहता ही कार्यशाळा यंदा घेणं शक्य नाही. शिवाय या चौदा सांभाळलेल्या लेकींच्या घरगुती आठवणी परक्या पाहुण्यांपुढे मांडणं त्यांच्याच हिताचं होणार नाही, असं आम्ही विचारांती ठरवलं आहे. आपल्या औदार्याबद्दल आभारी आहोत.'

"पुन्हा वाचते," ती म्हणाली, आणि वाचलं. काहीतरी दाढेत अडकल्यासारखं वाटत होतं. काय ते कळेना.

"सहीची प्रत कुठून मिळाली?"

"सगळ्यांच्या संगणकावर आहे. प्रमाणपत्रांवर लावतो आम्ही."

"शिक्का?"

"नेलिदाच्या खणात. खणाला कुलूप नाही." नेलिदा म्हणजे केंद्राचं कार्यालय सांभाळणारी बाई. "निधीचं मंजुरीचं पत्र केंद्राच्या संगणकावरच्या टपालपेटीत आलं, तीन जुलैला सकाळी अकराला. ते कुणीतरी पुसून टाकलंय. नकार गेलाय त्याच दिवशी दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी, नेलिदाच्याच संगणकावरून. परवलीचा शब्द तिथंच चिकटवलेला असतो."

"ऐन दुपारच्या झोपेच्या वेळी. केंद्राला टाळं असतं तेव्हा."

"चार किल्ल्या आहेत. संचालक रेकाल्दे, प्रोफेसोरा मिर्ता, नेलिदा आणि मी."

"तू नव्हतीस," फेलिसा म्हणाली. तीन जुलै तिला लख्ख आठवत होता. त्या दुपारी इदालिना आणि ती लुके गावात, कार्यशाळेत बोलणार असलेल्या रुफिना गाओनाच्या अंगणात बसून रुफिनाची मुलाखत तिला वाचून दाखवत होत्या. मनाविरुद्ध एक शब्द छापायचा नाही, असा इदालिनाचा नियम होता.

"तुम्ही सांगाल ते मंडळ ऐकेल का? रेकाल्दे म्हणतात, मी घाबरून स्वतःच नकार दिला आणि आता कांगावा करतेय. शुक्रवारी बैठक आहे. माझा करार रद्द करायचा प्रस्ताव आलाय."

फेलिसानं बाटलीचं बूच लावलं. "आज मंगळवार. तीन दिवस आहेत. कोर्टात याहून कमी वेळात निर्दोष माणसं आत गेलेली पाहिली आहेत मी."

३

संचालक अनिबाल रेकाल्दे यांच्या टेबलावर कागदांचा डोंगर होता आणि डोंगरामागे ते नळीनं तेरेरेचा थंड कडू चहा ओढत बसले होते. फेलिसाला त्यांनी खुर्ची दिली, पण पेला काही पुढे केला नाही.

"तुम्ही आता गुप्तहेर झालात म्हणे?"

"कान तेवढे चालतात, डॉक्टर. म्हटलं वापरावेत."

"मग ऐका. मला हा प्रकल्प कधीच आवडला नाही आणि हे मी तोंडावर सांगितलंय. आपण जमिनीवर, सोयाबीनवर, नद्यांवर काम करतो. आणि ही त्या तेरा बायकांना गोळा करून रडगाणी गाणार, ती ऐकायला विमानानं पाहुणे येणार! ह्याला संशोधन म्हणतात?"

"म्हणजे निधी नको होता तुम्हाला."

"निधी कुणाला नको असतो? त्यातला दहावा हिस्सा केंद्राला मिळाला असता. छप्पर गळतंय वर, पाहिलंत?" त्यांनी छताकडे बोट दाखवलं. तिथं खरंच डाग होता.

"तीन जुलैला दुपारी कुठं होता?"

"घरी झोपलो होतो. साक्षीदार माझी उशी." ते हसले, मग पुढे झुकले. "दोन्या फेलिसा, उगाच मोठ्या माणसांभोवती घिरट्या घालू नका. दुपारी केंद्रात कोण असतं? नेलिदा. डबा खाते, मागे गादी टाकून पडते. तिनं नको ते बटण दाबलं असेल, आता बोलायला घाबरतेय. शुक्रवारी ती तसं कबूल करेल, इदालिनाला ताकीद मिळेल, विषय संपेल."

"कबूल करेल? विचारलंत तिला?"

"सांगितलंय."

फेलिसा उठली. डोंगराच्या कडेला एक बंद लिफाफा पडला होता. त्यावर इदालिनाच्या अक्षरात 'सुधारित कार्यक्रम, एक जुलै' असं लिहिलं होतं. महिना उलटला तरी त्याचा डिंक तसाच होता. दोन वर्षं शिव्या घातलेल्या प्रकल्पाचा कागद वाचायची तसदीही या गृहस्थांनी घेतली नव्हती.

तिची कानशिलं तापली. त्या बटणाच्या गोष्टीनं तर जास्तच. बटण चुकून दाबलं जाईल, पण शिक्का मारलेलं, सही लावलेलं पत्र काही चुकून लिहिलं जात नाही. आणि हे रेकाल्देंना कळत नव्हतं असं थोडंच होतं?

४

नेलिदा स्वयंपाकघरात कप विसळत होती. फेलिसाला पाहताच तिनं नळ मोठा केला.

"मी कुणालाच पाहिलं नाही," ती म्हणाली.

फेलिसानं अजून काही विचारलंच नव्हतं.

"बस जरा. चिपा आणलाय, गरम आहे." तिनं चीजच्या पावांची पुडी सोडली. "डॉक्टर काय म्हणाले तुला?"

"म्हणाले, चूक झाली म्हण, नोकरी राहील. नाही म्हटलंस तर राहणार नाही." नेलिदानं चिप्याचा तुकडा मोडला आणि हातातच धरून बसली. "मी म्हणणार आहे. दोन पोरं आहेत मला. तुम्ही नका मध्ये पडू, दोन्या फेलिसा."

"तू न केलेल्या गोष्टीला हो म्हणणार, आणि मी मध्ये पडू नको?"

"तुम्हाला पेन्शन आहे!"

फेलिसानं पुडी तिच्याकडे सरकवली. चूक नव्हतं ते.

मग नेलिदाच आपणहून सांगू लागली. "माझी थोरली बहीण कामाला दिली होती. आठ वर्षांची असताना, व्हिजारिकाला. म्हणून इदालिनाची कार्यशाळा म्हटल्यावर मला केवढं बरं वाटलं होतं. पाहुण्यांच्या खोल्या मीच बोलून ठेवल्या होत्या. मी कशाला मोडीन ते?"

"तू नाही मोडलंस, माहीत आहे मला. पण मोडणाऱ्याला तू पाहिलंयस."

नेलिदानं चिप्याचा तुकडा परत पुडीत ठेवला. तिनं एप्रनला हात पुसले. "या जागेवर मला चिकटवलं कुणी, ते ठाऊक आहे ना तुम्हाला? माझा नवरा गेला तेव्हा कुणी दारात उभं केलं नव्हतं. मी मेले तरी त्या माणसाचं नाव घेणार नाही."

५

प्रोफेसोरा मिर्ता एस्कुर्रा म्हणजे ताकुआरा केंद्राच्या संस्थापक आणि मंडळाच्या अध्यक्ष. वय अठ्ठ्याहत्तर. हुकूमशाहीच्या काळात त्या अकरा महिने तुरुंगात होत्या. त्यांचा जबाब टाइप करायला जी चोवीस वर्षांची पोर बसवली होती, ती फेलिसाच. "मी एकही नाव सांगणार नाही," असं मिर्ताबाई त्या दिवशी चौदा वेळा म्हणाल्या होत्या आणि फेलिसानं ते चौदाही वेळा टाइप केलं होतं. घरी जाऊन ती रडली होती, अभिमानानं. आपल्या देशात अशी बाई आहे म्हणून.

अंगणातला लापाचो गुलाबी फुलांनी लगडला होता. मिर्ताबाईंनी स्वतः तेरेरे केलं आणि पहिला पेला फेलिसाला दिला.

"मला सगळं समजलं. झोप नाही आली मला, फेलिसा. चौदाजणींच्या तोंडचे शब्द काढून घेतले त्या नालायकानं!"

"कुणी, प्रोफेसोरा?"

"अनिबालनं. दुसरं कोण? पहिल्यापासून पाण्यात पाहतोय तो त्या पोरीला. पण पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय मी संचालकाला हात लावू शकत नाही. म्हणून सांगते, शुक्रवारी जे होईल ते होऊ दे. इदालिनाला मी दुसरीकडे काम मिळवून देईन. पुढच्या वर्षी एखादा शांत विषय घेऊ. नद्या, समज."

"आणि नेलिदा?"

"तिला मी सांभाळीन. नेहमीच सांभाळलंय."

निरोप घेताना त्यांनी फेलिसाच्या गालांवर ओठ टेकले. हात थंडगार होते.

फेलिसा बस थांब्यावर येऊन उभी राहिली. उत्तरेचा गरम वारा सुटला होता, डोकं भणभणवणारा. एक बस गेली. दुसरी गेली. ती रस्त्याकडे पाहत मनातल्या मनात संचालकांचं बोलणं आठवत होती, जसंच्या तसं. तो कानाचा जुना रोगच होता.

तेरा, रेकाल्दे म्हणाले होते. त्या तेरा बायका.

तिनं पिशवीतून फोन काढला. "इदालिना, निधीकडे केलेल्या अर्जात बायका किती होत्या?"

"तेरा. रुफिना मागाहून आली ना. तिची मुलाखतच जूनच्या शेवटी झाली. एक तारखेला मी कार्यक्रम नव्यानं छापला, तिचं नाव घालून."

"कुणाकुणाला दिला?"

"अजून कुणालाच नाही, पक्का व्हायचा होता. तीनच प्रती काढल्या. एक माझ्याकडे, एक संचालकांच्या टेबलावर ठेवली."

"आणि तिसरी?"

"उद्घाटनाचं भाषण त्यांचंच होतं ना," इदालिना म्हणाली. "दोन तारखेला मी स्वतः नेऊन दिली. प्रोफेसोरांच्या हातात."

६

आकडा म्हणजे पुरावा, हे फेलिसाला पटत होतं. पण कारण सापडत नव्हतं. ज्या बाईनं छळ सोसून नावं सांगितली नाहीत, ती बाई एका कार्यशाळेचा गळा का घोटेल?

बुधवारी दुपारी अख्खं शहर झोपलेलं असताना तिनं कानाला हेडफोन लावले आणि रुफिनाची ध्वनिफीत पहिल्यापासून ऐकली. पाचव्या मिनिटाला तिचा हात थांबला.

'पाहुणे आले की बाई मला पुढे बोलवायच्या,' रुफिना ग्वारानीत सांगत होती. 'खांद्यावर हात ठेवून म्हणायच्या, ही आमची सांभाळलेली लेक. पाहुणे गेले की हीच लेक भांडी घासायला जायची.'

सांभाळलेली लेक. दाढेत अडकलेलं हेच होतं.

चौदा मुलाखती फेलिसानं स्वतःच्या हातांनी उतरवल्या होत्या. एकही बाई स्वतःला असं म्हणाली नव्हती. त्या म्हणायच्या, मला कामाला दिलं, मला ठेवलं, मला तिथं टाकलं. अभ्यासक आणखी काही म्हणायचे. 'सांभाळलेली लेक' हा शब्द फक्त घराच्या मालकिणीचा होता. इदालिनानं तो आयुष्यात लिहिला नसता. नेलिदानंही नाही.

ती लुकेला गेली तेव्हा रुफिना घरकामगार संघटनेच्या सभेसाठी मोठ्या पातेल्यात सूप ढवळत होती. चव्वेचाळीस वर्षांची, भक्कम दंडांची बाई. मुलाखतीत तिनं मालकिणीचं नाव घेतलं नव्हतं आणि इदालिनानं विचारलं नव्हतं.

"रुफिना, नाही म्हणायचा तुला हक्क आहे. पण ती बाई कोण होती?"

रुफिनानं आच कमी केली. "ते मी कार्यशाळेत सांगणार होते. सगळ्यांदेखत, एकदाच. म्हणून तर नाव छापा म्हटलं मी." मग तिनं सुपाचा थेंबही न सांडता डाव बाजूला ठेवला. "तुम्ही ओळखता तिला. रस्त्यात भेटली की लोक टाळ्या वाजवतात. रात्री माणसं यायची, न्याय न्याय म्हणून बोलायची. मी कॉफी न्यायचे. मला सगळं कळायचं हं. मला वाटायचं, आता एखादा वळून बघेल आणि म्हणेल, ही पोर इतक्या उशिरा जागी का? कुणी नाही म्हणालं."

"मिर्ता एस्कुर्रा," फेलिसा म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला अनोळखी वाटला.

"चुलीजवळ या, बसा," रुफिना म्हणाली. "तुमचं तोंड पांढरं पडलंय."

७

शुक्रवारी मंडळाची पाच माणसं लांब टेबलाभोवती बसली. मध्यभागी मिर्ताबाई, शेजारी रेकाल्दे. भिंतीशी इदालिना आणि नेलिदा. इतिवृत्त लिहायला फेलिसा.

"नेलिदा, सांग," रेकाल्दे म्हणाले.

"तिच्याआधी मी सांगते," फेलिसानं लेखणी खाली ठेवली. "हे पत्र चुकून गेलेलं नाही. ते लिहिणाऱ्याला बायका चौदा आहेत हे माहीत होतं. अर्जात तेरा आहेत. चौदावं नाव ज्या कागदावर होतं त्याच्या तीनच प्रती होत्या. इदालिना त्या दुपारी माझ्यासोबत लुकेला होती. संचालकांची प्रत आजही बंद लिफाफ्यात आहे. डॉक्टर, बायका किती होत्या?"

"तेरा. का?" रेकाल्देंनी चिडून विचारलं, आणि मग त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"नेलिदाला प्रत मिळालीच नव्हती. राहिली एक. आणि पत्र लिहिणाऱ्यानं त्या बायकांना 'सांभाळलेल्या लेकी' म्हटलंय. हा शब्द त्यांच्यापैकी कुणाचाच नाही. ज्यांच्या घरात अशी मुलगी राबली, त्यांचा आहे."

मिर्ताबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"फेलिसा, तू थकली आहेस. आकडे कुणालाही कळतात. हिनं कप धुताना ऐकले असतील." त्यांनी नेलिदाकडे न पाहताच हात केला. "हिनं कबूल केलंच आहे."

त्या हाताकडे नेलिदा बघत राहिली. मग ती उभी राहिली.

"मी कबूल केलेलं नाही. मी मेले तरी नाव घेणार नव्हते, प्रोफेसोरा. तुम्ही मात्र माझं घेतलंत, किती पटकन घेतलंत! तीन तारखेला दुपारी तुम्ही माझ्या खुर्चीत बसला होता. मी पाणी विचारलं. तुम्ही म्हणालात, पाहुण्यांच्या व्हिसाचं पत्र लिहितेय, शिक्का दे. मी खणातून काढून दिला."

रेकाल्दे खुर्चीत मागे रेलले. "मिर्ता?"

"हो, लिहिलं!" मिर्ताबाई म्हणाल्या. "आणि पुन्हा लिहीन. या देशात आमच्याकडे दगड घेऊन टपलेले लोक कमी आहेत का? उद्याच्या वर्तमानपत्रात काय आलं असतं? तुरुंगात गेलेली एस्कुर्रा घरात मोलकरीण पोर ठेवायची! चाळीस वर्षांचं काम एका दिवसात धुळीला मिळालं असतं. माझं एकटीचं नाही, सगळ्यांचं! आणि मी तिला काय वाईट वागवलं? पोटच्या लेकीसारखी होती ती मला."

"मग सांगा बाई," दारातून आवाज आला.

रुफिना आत आली. तिला बोलावलं नव्हतं. फेलिसानं फक्त बैठकीची वेळ सांगितली होती. सभेला घालायचा हिरवा सदरा तिच्या अंगात होता.

"तुमच्या लेकीचा, सोलेदादचा वाढदिवस कधी असतो?"

मिर्ताबाईंनी चष्मा पुन्हा उचलला.

"बारा मार्च. केक मीच उचलून आणायचे. तिची शाळा? कॅथेड्रलमागची, नन चालवायच्या ती. तिचे बूट मी पुसायचे, म्हणून आठवतं. आता माझं सांगा. माझा वाढदिवस कधी? माझी शाळा कुठली?"

रुफिना टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"एक तरी सांगा. मी लेक होते ना?"

मिर्ताबाईंचे ओठ हलले. "मी तुला वाचायला शिकवलं," त्या शेवटी म्हणाल्या.

"नाही शिकवलं बाई. सोलेदादनं शिकवलं, न्हाणीघरात दार लावून. तुम्ही तिला मारलंत त्याबद्दल, कामं राहतात म्हणून."

फेलिसाला वाटलं, आपण काहीतरी बोलावं. एकतीस वर्षांत तिनं कधी साक्षीच्या मध्ये तोंड घातलं नव्हतं. आज मात्र तिला राहवेना.

"मी तुमचा जबाब टाइप केला होता, प्रोफेसोरा. चौदा वेळा तुम्ही नावं सांगणार नाही म्हणालात. त्याच तुम्ही ही पोर लेकीचे बूट पुसायला घरी आणलीत, आणि तिनं तुमचं नाव सांगू नये म्हणून तीन देशांची माणसं घरी बसवलीत! तुमच्या नावाला धक्का लागू नये म्हणून? आणि आमची नावं काय रस्त्यावर पडली होती? इदालिनाची सही, नेलिदाची भाकरी?"

८

निकाल जसा लागायचा तसाच लागला. इदालिनाचा करार वाचला. नेलिदाची नोकरी राहिली. मिर्ताबाईंनी प्रकृतीच्या कारणानं अध्यक्षपद सोडलं, आणि मंडळानं त्यांच्या दीर्घ सेवेबद्दल आभाराचा ठराव केला. झालेल्या प्रकाराला ठरावात 'पत्रव्यवहारातील गैरसमज' असं नाव दिलं होतं. रेकाल्देंनी ते इतिवृत्त सहीसाठी पुढे सरकवलं तेव्हा फेलिसानं ते वाचलं, परत सरकवलं आणि म्हणाली, "मी असं काही ऐकलं नाही." त्या दिवसापासून ती केंद्रात गेली नाही. तिच्या पाठोपाठ महिन्याभरानं इदालिनाही बाहेर पडली.

निधीला तिनं सगळं खरं लिहून कळवलं. उत्तर आलं, अगदी सभ्य शब्दांत. यंदाची रक्कम परत येऊ शकत नाही. पुढच्या फेरीत पुन्हा अर्ज करता येईल, मात्र मागचा अनुभव पाहता सोबत एखाद्या ज्येष्ठ, नामवंत अभ्यासकाची हमी जोडावी.

इदालिना हसत सुटली. हसता हसता तिनं टेबलावर डोकं टेकलं. "नामवंत! नामवंतच पाहिजे यांना अजून!"

"हमीचं नंतर भांडू," फेलिसा म्हणाली. "अर्ज घरकामगार संघटनेच्या नावानं करायचा. नियमात बसतं, मी वाचलंय. लिमा आणि पोर्त-ओ-प्रिन्सवाले तयार आहेत का?"

"दोघांनीही हो म्हटलंय. रागावलेत ते आपल्याहून जास्त."

संघटनेचं कार्यालय म्हणजे शिवणकामाच्या दुकानामागची एक खोली. सप्टेंबरातल्या एका सकाळी फेलिसा तिथं संगणकापुढे बसली. शेजारी इदालिना, समोर रुफिना. अर्जातले रकाने फेलिसा मोठ्यानं वाचू लागली.

"मुख्य अर्जदार?"

"लिहा, रुफिना गाओना."

"शिक्षण?"

"सहावी. तिशीत केली, रात्रशाळेत."

"प्रसिद्ध झालेले ग्रंथ?"

रुफिना खो खो हसली. "पुढचं विचारा."

"विषयातला प्रत्यक्ष अनुभव. वर्षांत लिहायचाय."

रुफिनाचं हसू थांबलं. तिनं मांडीवर बोटं मोजली, एकदा, आणि खात्री करायला पुन्हा एकदा.

"नऊ वर्षं," ती म्हणाली. "वयाच्या सातव्या वर्षापासून. सुट्टी एकही नाही, तेही लिहा."

इदालिना म्हणाली, "त्या रकान्यात फक्त आकडा मावतो."

"मग खाली लिहा. मोकळी जागा असेलच ना कुठंतरी?"

फेलिसानं अर्ज खालपर्यंत सरकवत नेला, जागा शोधली, आणि टाइप करायला लागली.